वांग्याची टोपी, मांजरीचे कान : बाळासाठी क्रोशाचे विणकाम

बाळाच्या टोपीकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. ती डोक्याला नेमकी बसली पाहिजे, आणि तिच्यावरचे काहीही सुटून बाळाच्या तोंडात जाता कामा नये. गमतीदार टोपी करायची म्हटली की हात आधी मणी, प्लास्टिकचे डोळे, चकचकीत बटणे आणि लोंबते गोंडे यांच्या डब्याकडे जातो. या लेखात तो डबा बंदच ठेवला आहे. क्रोशाच्या विणीला हवा तसा घाट देता येतो, ती वाढवता, आटवता आणि पीळ देऊन वळवता येते, त्यामुळे टोपीची सगळी गंमत विणीतूनच काढता येते. तशी काढलेली गंमत धुण्यात टिकते आणि बाळाच्या दृष्टीने निर्धोकही असते.

क्रोशाचे काम आजही हातानेच होते. दोन सुयांच्या विणकामाची यंत्रे फार पूर्वी आली, परंतु क्रोशाच्या टाक्याची बांधणी यंत्राला साधणारी नसल्याने कारखान्यांतून निघते ती बहुधा त्याची नक्कल असते. बारशाला झबले-टोपडे देण्याची आपल्याकडची रीत अजून टिकून आहे, आणि त्या जोडीतले टोपडे स्वतः विणलेले असावे असे वाटणाऱ्यांसाठी पुढे एक मूळ टोपी, तिच्यावरून निघणारे दोन प्रकार आणि बाळाच्या थोरल्या भावंडासाठी एक लहानसा दागिना दिला आहे.

धागा आणि सुई

आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. ते हलके, स्वस्त, धुवायला सोपे आणि रंगांत भरपूर असते, पण घाम शोषत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ॲक्रिलिकच्या टोपीखाली बाळाचे डोके पाहता पाहता ओले होते, म्हणून तेथे सुती धागाच घ्यावा. सुती धाग्याचा दोष असा की तो ताणला गेल्यावर पूर्णपणे पूर्ववत होत नाही आणि टोपी वापरात सैल पडते; त्यामुळे सुती टोपी किंचित घट्टच विणावी. ‘मिल्क कॉटन’ या नावाने विकले जाणारे मऊ मिश्र धागे या दोहोंच्या मधले आहेत आणि नवशिक्यांच्या हाताला ते लवकर वळण लावतात. नाशिककडची थंडी किंवा परदेशी राहणारे नातवंड डोळ्यांसमोर असेल तर यंत्रात धुता येणारी मेरिनो लोकर सर्वांत उत्तम, मात्र ती महाग पडते. मोहेर, फरसारखे केसाळ धागे आणि जरीची चमक असलेले धागे बाळासाठी मुळीच घेऊ नयेत, कारण त्यांचे सुटे तंतू नाकातोंडात जातात आणि जर नाजूक कातडीला टोचते.

दुकानात धाग्याचा मऊपणा बोटांनी पाहून भागत नाही. काम करणाऱ्या बोटांची कातडी जाड झालेली असते; गुंडा मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे मानेवर घासून पाहावा. तेथे थोडी जरी खाज आली तरी तो धागा पिशवीसाठी ठेवावा. जाडी ठरवताना प्लायच्या, म्हणजे धाग्यातल्या पदरांच्या, आकड्यावर विसंबू नये, कारण एका कंपनीचा चार प्लायचा धागा दुसऱ्या कंपनीच्या धाग्यापेक्षा बराच जाड असू शकतो. वेष्टनावर सुईचे माप छापलेले असते ते पाहावे. या लेखातल्या टोप्यांसाठी ४ मिमी सुई सुचवणारा मध्यम जाडीचा धागा हवा; डीके या नावाने मिळणारे धागे साधारण याच जाडीचे असतात. लहान टोपीला ॲक्रिलिकचा ५० ग्रॅमचा एक गुंडा बहुधा पुरतो, पण सुती धागा वजनाला भारी असल्यामुळे त्याचे १०० ग्रॅम आणावेत आणि सर्व गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत याची खात्री दुकानातच करून घ्यावी. एकाच जांभळ्याच्या दोन लॉटमधला फरक दिव्याखाली कळत नाही, उन्हात कळतो.

सुई ४ मिमीची, कडेसाठी एक ३.५ मिमीची, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, मोजपट्टी आणि फेरीची सुरुवात ओळखण्यासाठी वेगळ्या रंगाच्या धाग्याचा वीतभर तुकडा एवढे सामान पुरते. लोखंडाच्या बारीक क्रोशा सुया रुमालांच्या लेससाठी असतात, त्या येथे उपयोगाच्या नाहीत.

माप आधी, वीण नंतर

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३४ ते ३५ सेंमी असतो. पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला साधारण २ सेंमीने वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत महिन्याला १ सेंमीने आणि त्यानंतर वर्षापर्यंत अर्ध्या सेंमीने. म्हणजे तीन महिन्यांचे बाळ ४० सेंमीच्या, सहा महिन्यांचे ४३ च्या आणि वर्षाचे ४६ सेंमीच्या आसपास असते. बारशाला दिलेली नवजात मापाची टोपी त्यामुळे काही आठवड्यांतच तोकडी पडते. भेट द्यायची असेल तर तीन ते सहा महिन्यांचे माप विणणेच मला शहाणपणाचे वाटते. बाळ घरातले असेल तर अंदाज करत बसू नये. मोजपट्टी भुवयांच्या वरून, कानांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवून माप घ्यावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वरचे आकडे लागू पडत नाहीत, त्याचे माप प्रत्यक्षच घ्यावे.

टोपीचा घेर डोक्यापेक्षा सुमारे २ सेंमीने कमी ठेवावा. वीण ताणते आणि टोपी हलक्या हाताने धरून राहते. त्याहून अधिक आवळली तर कपाळावर वळ उठतो, आणि टाळू अजून भरलेली नसताना असा दाब नको.

आता नमुन्याचा तुकडा. हा भाग अनेकजण टाळतात, आणि टोपी थोरल्याला किंवा बाहुलीला बसण्याचे कारण बहुधा तेच असते. पुढे सांगितलेल्या अर्ध्या खांबांनी २२ टाके रुंद आणि १५ ओळी उंच असा चौकोन विणावा, धुवावा, सपाट वाळवावा आणि मग कडा सोडून मधल्या १० सेंमीत टाके मोजावेत. तेथे १६ टाके आणि १२ ओळी भरल्या पाहिजेत. १८ टाके भरले तर हात घट्ट आहे, ४.५ मिमी सुई घ्यावी. १४ भरले तर हात सैल आहे, ३.५ मिमी घ्यावी. हा फरक किरकोळ वाटतो, पण ६४ टाक्यांच्या टोपीचा घेर १६ च्या हिशेबाने ४० सेंमी येतो, १८ च्या हिशेबाने जेमतेम साडेपस्तीस आणि १४ च्या हिशेबाने साडेपंचेचाळीसच्याही वर. म्हणजे एकाच कृतीतून नवजात बाळाची आणि वर्षाच्या बाळाची अशा दोन्ही टोप्या निघू शकतात.

लागणारे टाके

साखळी, म्हणजे सुईवरच्या लूपमधून पुन्हा पुन्हा धागा ओढून काढणे, सर्वांना येतेच. मुका खांब घालताना सुई टाक्यात घालून धागा ओढून घ्यावा, सुईवर दोन लूप होतात, पुन्हा धागा घेऊन तो दोन्हींतून काढावा. अर्ध्या खांबात सुई टाक्यात घालण्याआधीच तिच्यावर धाग्याचा एक वेढा घ्यायचा, मग धागा ओढून घेतल्यावर सुईवर तीन लूप होतात आणि पुन्हा धागा घेऊन तो तिन्हींतून एकदम काढायचा. खांबात हेच तीन लूप दोन-दोन करून दोनदा सोडवायचे. लांब खांबासाठी सुरुवातीला दोन वेढे घ्यायचे आणि दोन-दोन लूप तीनदा सोडवायचे. स्लिप स्टिच म्हणजे टाक्यातून ओढलेला धागा सुईवरच्या लूपमधूनही तसाच काढणे. डावखुऱ्यांनी हे सारे आरशात पाहावे तसे उलट्या दिशेने करावे, टाक्यांच्या संख्येत काहीही फरक पडत नाही.

इंग्रजी नमुना समोर ठेवून विणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी. आपला मुका खांब अमेरिकी नमुन्यांत सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटिश नमुन्यांत त्यालाच डबल क्रोशे म्हटलेले असते. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे पाहिल्याशिवाय सुरुवात केली तर टोपीची उंची पार बिघडते.

बाळाच्या टोपीसाठी मी अर्धा खांबच निवडेन. मुक्या खांबांची वीण दाट आणि ताठ होते, डोक्यावर ती टोपासारखी उभी राहते. पूर्ण खांबांत फटी पडतात, त्यांतून वारा जातो आणि बाळाची बोटेही अडकतात. अर्धा खांब मऊ, ताणणारा आणि पुरेसा भरीव असतो.

या टाक्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. विणलेल्या फेरीच्या माथ्यावर वरून पाहिले की साखळीसारखे आडवे दुवे दिसतात. प्रत्येक दुव्याला एक अलीकडचा आणि एक पलीकडचा धागा असतो आणि सुई नेहमी या दोन्हींखालून घालायची असते. अर्ध्या खांबाला याखेरीज एक तिसरा धागाही असतो. काम थोडे आपल्याकडे झुकवले की पाठच्या बाजूला, माथ्याच्या जरासा खाली, तो आडवा पडलेला दिसतो. सुई फक्त या तिसऱ्या धाग्यात घालून एक फेरी विणली की माथ्याची साखळी पुढे झुकते आणि टोपीच्या दर्शनी बाजूवर दोन सुयांच्या विणकामासारखी वेणी उमटते. कडेच्या फेऱ्यांसाठी हे फार देखणे आणि सोपे साधन आहे.

मूळ टोपी

टोपी माथ्याकडून विणावी. बोटाभोवती धाग्याचा वेढा घेऊन मॅजिक रिंग करावी आणि तिच्यात ८ अर्धे खांब घालून रिंग ओढून बंद करावी. सुरुवातीचे टोक किमान १५ सेंमी ठेवावे, कारण या रिंगला धरून ठेवणारे तेवढेच असते आणि आखूड टोक काही धुण्यांत सुटून माथ्याला भोक पडते. फेऱ्या न जोडता गोल गोल विणत जावे आणि प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात रंगीत धाग्याचा तुकडा अडकवून तो फेरीगणिक वर सरकवत न्यावा.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन अर्धे खांब घालावेत म्हणजे १६ होतील. तिसऱ्या फेरीत एक साधा आणि पुढच्या टाक्यात दोन, या क्रमाने २४ होतील. चौथ्यात दोन साधे आणि पुढच्यात दोन, म्हणजे ३२. असे प्रत्येक फेरीत वाढीच्या मधले साधे टाके एकेकाने वाढवत नेले की फेरीला ८ टाके वाढतात आणि पुढे ४०, ४८, ५६ होऊन आठव्या फेरीला ६४ टाके येतात. वाढ प्रत्येक वेळी एकावर एक आली तर गोलाऐवजी अष्टकोन दिसू लागतो. ते टाळण्यासाठी चौथी, सहावी आणि आठवी फेरी वाढीच्या मधले अर्धेच साधे टाके घालून सुरू करावी, उरलेले अर्धे शेवटी येतात. चौथ्या फेरीत, उदाहरणार्थ, एक साधा, एका टाक्यात दोन, एक साधा, असे आठदा.

आठ हाच आकडा का, हे समजून घेतले तर कोणत्याही धाग्याची टोपी स्वतः आखता येते. वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या सुमारे सव्वासहा पट असतो. प्रत्येक फेरीने त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, म्हणून घेर त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढला पाहिजे. मुका खांब जवळजवळ रुंदीइतकाच उंच असतो, त्याला फेरीमागे ६ ची वाढ पुरते. अर्धा खांब रुंदीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने उंच असल्याने त्याला ८ लागतात आणि पूर्ण खांबाला १२. वाढ कमी पडली की कडा वर वळते, आणि नेमक्या याच गोष्टीचा उपयोग करून आपण पुढे टोपीची भिंत उभी करतो. वाढ जास्त झाली की कडेला जागा पुरत नाही आणि ती झालरीसारखी खाली-वर होते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये याच गुणाचा उपयोग करून हायपरबोलिक, म्हणजे सगळीकडे झालरीसारख्या वळणाऱ्या, पृष्ठभागाची क्रोशाची प्रतिकृती विणली. कागदाच्या नाजूक प्रतिकृती हाताळताना फाटत, आणि जो पृष्ठभाग केवळ समीकरणांत भेटत असे तो त्यांच्या विद्यार्थ्यांना हातात धरून पाहता आला.

आठव्या फेरीनंतर माथ्याचा व्यास मोजावा, तो १३ सेंमीच्या जवळपास असला पाहिजे. यानंतर वाढ थांबवून ६४ टाक्यांवरच साध्या ९ फेऱ्या विणाव्यात. मग ३.५ मिमीची सुई घेऊन तिसऱ्या धाग्यात दोन फेऱ्या घालाव्यात, कड आपोआप आवळून येते. शेवटी एक मुका खांब, दोन स्लिप स्टिच घालून उंची उतरवावी, म्हणजे गोल विणीत शेवटाला पायरी दिसत नाही. माथ्यापासून कडेपर्यंत टोपी पावणेसोळा सेंमीच्या आसपास भरते. तीन ते सहा महिन्यांचे हे माप झाले.

नवजात बाळासाठी सहाव्या फेरीला ४८ झाल्यावर सातव्या फेरीत दर अकरा साध्या टाक्यांनंतर एक वाढ करून ५२ टाके करावेत आणि मग कडेसह ८ फेऱ्या सरळ विणाव्यात. सहा महिन्यांच्या पुढे ६४ नंतर नवव्या फेरीत दर पंधरा साध्या टाक्यांनंतर एक वाढ करून ६८ करावेत आणि कडेसह ११ फेऱ्या घालाव्यात.

वांगे

मुलांच्या टोप्यांत स्ट्रॉबेरी आणि भोपळा यांचे नमुने रगड मिळतात. आपल्या मंडईतले वांगे मात्र टोपीसाठी त्यांच्याहून सरस आहे, कारण त्याचा गोल घाट, जांभळा रंग आणि वरची हिरवी काटेरी टोपी हे सारे बाळाच्या डोक्यावर आयतेच जमून येते. मूळ टोपी गडद जांभळ्या धाग्याने विणावी. काळसर जांभळा रंग सुती धाग्यात बऱ्याचदा सुटतो, म्हणून विणण्याआधी धाग्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा.

हिरवा देठ वेगळा विणून माथ्याला शिवण्याची पद्धत आहे, पण बाळ देठालाच धरून टोपी ओढणार हे ठरलेले असते. म्हणून देठ आणि पाकळ्या एकसंध विणाव्यात. हिरव्या धाग्याने मॅजिक रिंगमध्ये ४ मुके खांब घालावेत आणि वाढ न करता त्याच चार टाक्यांवर मुक्या खांबांच्या पाच फेऱ्या विणाव्यात. सुरुवातीच्या दोन फेऱ्या हातात धरवत नाहीत इतक्या लहान असतात, तिसऱ्या फेरीपासून करंगळीएवढी नळी दिसू लागते. पाच फेऱ्यांनंतर प्रत्येक टाक्यात दोन अर्धे खांब घालून ८ करावेत, पुढच्या फेरीत १६ आणि त्यापुढच्या फेरीत २४. आता देठाच्या पायाशी हिरवी चकती तयार झाली.

तिच्या कडेला सहा पाकळ्या काढायच्या आहेत. ६ साखळ्या विणाव्यात आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत परत फिरून क्रमाने एक मुका खांब, एक अर्धा खांब, दोन खांब आणि एक लांब खांब घालावा. मग चकतीचे तीन टाके सोडून चौथ्यात स्लिप स्टिच करावी. टोकाशी बुटका आणि बुंध्याशी उंच टाका आल्यामुळे पाकळी आपोआप त्रिकोणी होते. असे सहा वेळा केले की २४ टाके बरोबर संपतात. पाकळी कुरळी होऊन वर उठत असेल तर साखळ्या घट्ट विणल्या गेल्या आहेत, तेवढ्यापुरती सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यावी.

धागा हातभर लांब ठेवून तोडावा आणि त्याच धाग्याने हिरवा भाग जांभळ्या माथ्यावर शिवावा. आधी चकतीच्या कडेने पूर्ण गोल शिवण घालावी आणि नंतर प्रत्येक पाकळीचे टोक आतून दोन टाके घालून पक्के करावे. पाकळ्या मोकळ्या सोडल्या तर दिसतात छान, पण बाळाच्या मुठीत त्या पहिल्याच दिवशी येतात.

मांजर

कानांची टोपी करण्यासाठी कान विणण्याची गरजच नाही, आणि हा नमुना अगदी नवख्या हातालाही जमतो. ६४ साखळ्या सैल हाताने विणाव्यात, पीळ पडला नाही हे पाहून त्या स्लिप स्टिचने जोडून वर्तुळ करावे आणि अर्ध्या खांबांच्या साध्या २१ फेऱ्या घालाव्यात. वाढ नाही, घट नाही, नुसती सरळ नळी. ती सपाट ठेवली की सुमारे २० सेंमी रुंद आणि साडेसतरा सेंमी उंच होते. वरचे तोंड आतून स्लिप स्टिचने शिवून बंद करावे आणि टोपी उलटवावी. गोल डोक्यावर ही चौकोनी पिशवी चढवली की वरचे दोन्ही कोपरे उभे राहतात, तेच मांजरीचे कान.

कोपरे पडू नयेत म्हणून प्रत्येक कोपऱ्याच्या टोकापासून ४ सेंमीवर तिरकी शिवण दोन्ही थरांतून घालावी. शिवण कोपऱ्याशी त्रिकोण करते. ती जितकी आत घ्यावी तितके कान मोठे दिसतात आणि टोपीची उंची कमी होते, तेव्हा आवरते घ्यावे. वरच्या पाच फेऱ्या वेगळ्या रंगाच्या विणल्या तर कानांची टोके त्या रंगाची होतात. रंग बदलताना आधीच्या टाक्याचे शेवटचे ओढणे नव्या धाग्याने करावे, म्हणजे रंगांची सरमिसळ होत नाही. मिशा किंवा नाक काढायचे झाल्यास धाग्याने भरतकाम करावे. प्लास्टिकचे डोळे आतून चकती लावून घट्ट बसतात असे सांगितले जाते, पण क्रोशाची वीण ताणते आणि चकती फटीतून निसटू शकते.

थोरल्या भावंडासाठी

घरात बाळ आले की सगळ्या भेटी त्याच्या नावाने येतात, त्यामुळे त्याच वांग्याच्या जांभळ्या धाग्यातून थोरलीच्या वेणीसाठी काही विणले तर तिचा चेहरा फुलतो. केसांच्या साध्या रबर बँडवर स्लिप स्टिचने धागा जोडावा, २५ साखळ्या घालाव्यात आणि सुईपासून तिसऱ्या साखळीपासून मागे येत प्रत्येक साखळीत तीन-तीन खांब घालावेत. चार-पाच साखळ्या झाल्या की पट्टी स्वतःहून पीळ घेऊ लागते. एका कडेला साखळीची लांबी तेवढीच राहते, दुसरी कड तिप्पट होते आणि त्या जादा लांबीला स्क्रूसारखे फिरण्यावाचून वाट उरत नाही. वर सांगितलेल्या झालरीचेच हे दुसरे रूप. पट्टीचा शेवट पुन्हा रबर बँडवर स्लिप स्टिचने पक्का करावा, थोडे पुढे सरकून दुसरी पट्टी सुरू करावी आणि अशा पाच-सहा पट्ट्या हिरव्या, जांभळ्या आणि पांढऱ्या रंगांत घालाव्यात. अर्धे खांब घातले तर पीळ बारीक आणि घट्ट येतो, खांब घातले तर सैल आणि डौलदार.

हे कुरळे गोंडे बाळाच्या टोपीला लावू नयेत. तीन वर्षांखालील मुलांची खेळणी तपासताना सुमारे ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात आणि तीत मावणारा कोणताही सुटा भाग गिळला जाण्याच्या भीतीने नापास करतात. मोती, घुंगरू, बटण, नजरेचा काळा मणी यांपैकी काहीही त्या नळीत सहज मावते. लोकरीच्या गोंड्यांचे धागे उपटले जातात. हनुवटीखाली बांधायच्या बंदांची आपल्याकडे सवय आहे, पण गळ्याभोवती येणारी कोणतीही दोरी बाळासाठी धोक्याची असते. कान झाकायचे असतील तर टोपीच कडेला दोन फेऱ्या वाढवून खोल करावी आणि बंद गाळावेत. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावरून टोपी काढून ठेवावी, कारण तान्ह्या बाळाची उष्णता डोक्यावाटे मोठ्या प्रमाणात बाहेर पडते, टोपीने ती अडून अंग जास्त तापू शकते, आणि झोपेत टोपी नाकातोंडावर सरकण्याची भीती असते. जन्मानंतरचे पहिले तास आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांच्याबाबत डॉक्टर सांगतील तेच करावे.

शेवटचे काम

टोके आत घेण्याच्या कामात घाई झाली तर बाकीची मेहनत वाया जाते. प्रत्येक टोक किमान ६ सेंमी विणीतून न्यावे, मग दिशा बदलून तेवढेच परत आणावे आणि तिसऱ्यांदा पुन्हा वळवावे; मिल्क कॉटनसारखे गुळगुळीत धागे दोन वळणांत हमखास सुटतात. माथ्याच्या रिंगचे टोक रिंगमधून दोन वेळा गोल फिरवल्यानंतरच आत घ्यावे. गाठी मारू नयेत, त्या आतून टाळूला टोचतात. झाल्यावर टोपी उलटी करून आतली बाजू बोटाने सगळीकडे चाचपून पाहावी, कारण आत लांब सुटलेल्या धाग्यात बाळाचे बोट अडकू शकते.

बाळाला घालण्याआधी टोपी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी. पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावी आणि टोपीपेक्षा किंचित लहान पातेले पालथे घालून त्यावर सावलीत वाळवावी, म्हणजे माथा गोल राहतो. तारेवर चिमटे लावून टांगल्यास सुती टोपी पाण्याच्या वजनाने लांब होते. ॲक्रिलिकवर इस्त्री कधीच फिरवू नये. धागा वितळतो, वीण कायमची लुळी पडते आणि ते पुन्हा सुधारता येत नाही.

भेट द्यायची असेल तर टोपीसोबत एक छोटी चिठ्ठी ठेवावी. तीत धागा कोणता, धुवायचे कसे आणि टोपी किती सेंमी डोक्यासाठी आहे हे लिहावे, आणि त्याच लॉटचा दोन-तीन मीटर धागा कागदावर गुंडाळून जोडावा. पाकळीची शिवण कधी उसवली तर बाळाच्या आईला किंवा आजीला ती त्याच रंगात लगेच दुरुस्त करता येते.